सोसायटीच्या नोटिसा दृष्टिहीन सभासदाला वाचता याव्यात यासाठी काय करावे?

ऐरोलीचा सचिव (प्रश्न):

नमस्कार. ऐरोलीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. आमच्याकडे नोटीस काढण्याची पद्धत वर्षानुवर्षे ठरलेली आहे. कार्यालयातील कारकून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करतात, छापील प्रतीवर मी सही करतो, गोल शिक्का मारला जातो, ती प्रत फलकावर लागते आणि तिचाच मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. अलीकडे आमच्याकडे राहायला आलेले एक सभासद पूर्णतः दृष्टिहीन असून मोबाइल आणि संगणक दोन्ही ते स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने सराईतपणे वापरतात. पाणी कधी बंद राहणार, देखभाल शुल्क किती थकले, सभेपुढे विषय कोणते, यांपैकी काहीही आमच्या फोटोंतून आपल्याला कळत नाही, असे त्यांनी समितीला लेखी कळवले आहे.

समितीतील काहींच्या मते फोटोऐवजी पीडीएफ पाठवली की काम भागेल, तर काहींच्या मते शेजाऱ्यांनी वाचून दाखवावे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्याने अहवाल आणि हिशेबपत्रके लवकरच सभासदांना पाठवावी लागतील. सही-शिक्क्याची पद्धत कायम ठेवून, फारसा खर्च न करता हे कसे साधावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाशीकर:

मी स्वतः दृष्टिहीन आहे, त्यामुळे आपल्या सभासदाला काय ऐकू येत असेल ते नेमके सांगू शकतो. आपण पाठवलेल्या फोटोवर बोट ठेवले की टॉकबॅक हा अँड्रॉइड मोबाइलमधला स्क्रीन रीडर पाठवणाऱ्याचे नाव, वेळ आणि ‘फोटो’ एवढे सांगून थांबतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी ॲप आहेत आणि आम्ही ती रोज वापरतो, परंतु वाकडा धरलेला मोबाइल, कागदावर पडलेली सावली आणि नेमका तारखेवर बसलेला शिक्का असे सगळे जुळून आले की १६ तारखेची १८ तारीख होते आणि ऐकणाऱ्याला त्यात चूक आहे अशी शंकाही येत नाही. तक्त्यांची अवस्था तर विचारू नका. ओळी एकमेकींत मिसळतात आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसते.

कृतिदेवमधून केलेल्या पीडीएफनेही प्रश्न सुटणार नाही. हा फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. पडद्यावर ‘मराठी’ असे दिसत असले तरी फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. अख्खी विषयपत्रिका अशी ऐकण्यापेक्षा फोटो परवडला, कारण तो निदान गप्प तरी बसतो.

शेजाऱ्यांच्या मदतीविषयी स्पष्टच लिहितो. माझी थकबाकी किती आहे हे मला शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचे नाही, आणि समितीच्या हिशेबावर माझा आक्षेप असेल तर तो हिशेब समितीच्याच माणसाकडून वाचून घेणेही शहाणपणाचे नाही. सभेच्या नोटिशीला १४ पूर्ण दिवसांची मुदत असते ती सभासदाला कागद पाहून तयारीनिशी यायला मिळावे म्हणून. कागद वाचताच येत नसेल तर त्या सभासदाला ही मुदत मिळालेलीच नसते.

म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरेच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करावा आणि तोच गटावर संदेश म्हणून टाकावा. खाली सही-शिक्क्याचा फोटो खुशाल असू द्यावा, मात्र दोन्हींतला मजकूर अक्षरशः एकच असावा. एक विनंतीही आहे. संदेशाच्या आरंभी जोडलेल्या हातांच्या, फुलांच्या आणि घंटांच्या चित्रांची रांग लावू नये, कारण स्क्रीन रीडर त्यांतील एकेक चित्र नावानिशी वाचतो आणि पाणी किती वाजता जाणार हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटतो.

वागळे इस्टेट:

मी ठाण्यात सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो. वाशीकरांच्या म्हणण्याला तांत्रिक बाजूने थोडी जोड देतो.

छोट्या नोटिशीसाठी साधा संदेश पुरेसा आहे, पण तीस-चाळीस पानी वार्षिक अहवाल तसा पाठवता येणार नाही. तो वर्डमध्ये करताना शीर्षके केवळ ठळक आणि मोठी करून चालत नाही. त्यांना ‘हेडिंग’ ही शैली द्यावी लागते. मग एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो आणि लेखापरीक्षकांचा अहवाल थेट गाठतो, नाहीतर त्याला अध्यक्षांच्या मनोगतापासून सगळे ऐकत बसावे लागते. मजकुराची भाषा वर्डमध्ये ‘मराठी’ अशी नोंदवावी, म्हणजे स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो. एनव्हीडीए मोफत आहे आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचकयंत्रणेत मराठी आहे. तो आवाज गोड नाही, पण समितीतल्या कोणीतरी तो बसवून, पडदा बंद करून, स्वतःचीच नोटीस एकदा ऐकावी असे मी सुचवीन.

पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’चा मार्ग घेऊ नये, कारण त्यात शीर्षकांची आणि तक्त्यांची सगळी रचना गळून पडते. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडून त्यातील सुलभतेसाठीच्या टॅगचा पर्याय चालू ठेवावा. तरीही देवनागरीबाबत एक अडचण उरते. पीडीएफमध्ये मुख्यतः अक्षरांचे आकार साठवले जातात आणि त्या आकारांवरून मूळ अक्षरे परत मिळवताना ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात. याची परीक्षा सोपी आहे. तयार पीडीएफमधील एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि तो तिथे जसा उमटेल, साधारण तसाच सभासदाला ऐकू येणार आहे असे समजावे. मजकूर बिघडलेला दिसला तर पीडीएफसोबत वर्डची फाइलही पाठवावी. माझ्या मते मराठीसाठी ती तशीही पाठवावीच.

हिशेबाचे तक्ते एक्सेलमध्ये द्यावेत, त्यात एकत्र केलेले रकाने नसावेत आणि थकबाकीदार केवळ लाल रंगाने दाखवू नयेत. शेजारी ‘थकबाकी’ असा शब्दही लिहावा, कारण रंग न दिसणाऱ्यांत रंगांधळे सभासदही येतात. रंगांचेच बोलायचे तर डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. फिकट राखाडी किंवा पिवळ्या अक्षरांतली गणेशोत्सवाची पत्रके या कसोटीवर हमखास नापास होतात, आणि मोतीबिंदू झालेले ज्येष्ठ सभासद त्याविषयी तक्रार न करता ती बाजूला ठेवतात.

घणसोलीकर:

सूचना चांगल्या आहेत, परंतु एका सभासदासाठी संस्थेचे सगळे जुने दप्तर पुन्हा टाइप करायचे का? पगारी कारकून एकच असतो आणि समितीचे काम आम्ही नोकरी सांभाळून करतो, हेही ध्यानात घ्यावे.

वाशीकर:

जुने दप्तर कोणीच मागितलेले नाही. नव्या नोटिसा आजपासून युनिकोडमध्ये काढाव्यात आणि जुना कागद एखाद्याने मागितला तर तेवढाच उतरवून द्यावा. उपविधी आणि मागील सभेचे इतिवृत्त मात्र आधी घ्यावेत, कारण सभेत बोलायला उठणाऱ्याला त्यांचीच गरज पडते.

नेरुळचा वकील:

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘खाजगी आस्थापना’ या संज्ञेच्या व्याख्येत सहकारी संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे हा कायदा फक्त सरकारी कार्यालयांसाठी आहे असे समजणे बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी या कायद्याखालील नियमांतील सुलभतेविषयीचा नियम १५ (१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. नियमाने केवळ मार्गदर्शक तत्त्वे दिली होती, बंधनकारक निकष नव्हे, हे त्यामागचे कारण. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ग्राहकाची ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावण्याची अट घातली जाते आणि ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ती पाळता येत नाही, हा त्या प्रकरणातील मुद्दा होता. अर्थात सभासदाने कायद्याचे कलम दाखवण्याची वेळ संस्थेने येऊ देऊ नये. लेखी विनंतीला समितीने ठराव करून लेखी उत्तर द्यावे.

कळव्याची पालक:

माझा मुलगा कर्णबधिर आहे, म्हणून या चर्चेत एक भर घालते. आमच्या सोसायटीत महत्त्वाची प्रत्येक सूचना आवाजी संदेशाने येते, आणि टाइप करायला कंटाळा येतो एवढेच त्याचे कारण आहे. असा संदेश पाठवायचाच असेल तर त्याखाली दोन ओळी लिहाव्यात. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते आणि तिचे व्याकरणही वेगळे असते, त्यामुळे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशा वळणाने सुरू होणारी नोटीस त्यांना अवघड जाते. तारीख, वेळ आणि काय करायचे हे पहिल्याच वाक्यात यावे. शिवाय फाटकावरच्या पाहुण्यांना परवानगी देणारे ॲप सोसायट्या घेतात, तेही एकदा तपासून घ्यावे. आमच्या ॲपमध्ये पाहुणा आल्याची सूचना फक्त घंटी वाजवून मिळत असे, आणि कंपनाची सोय मागूनही ती मिळायला फार काळ गेला.

वागळे इस्टेट:

त्याच ॲपमध्ये ‘आत सोडा’ आणि ‘परत पाठवा’ या दोन चित्रबटणांना नावे दिलेली आहेत का, हेही पाहावे. नसतील तर टॉकबॅकवर दोन्ही ठिकाणी नुसते ‘बटण’ ऐकू येते आणि कोणते दाबायचे ते नशिबावर सोडावे लागते. ॲप बनवणाऱ्यासाठी ते काही मिनिटांचे काम आहे, त्यामुळे करार करतानाच ही अट घालावी.

ऐरोलीचा सचिव:

सर्वांचे आभार. संदेश आणि त्याखाली सही-शिक्क्याचा फोटो ही पद्धत समितीपुढे ठेवतो. अडचण एवढीच आहे की आमच्या कारकुनांनी मराठी टंकलेखन टाइपरायटरवर शिकलेले आहे आणि युनिकोड म्हटले की आता नव्याने शिकावे लागणार, या विचाराने ते धास्तावले आहेत. यावर उपाय आहे का?

वागळे इस्टेट:

आहे. युनिकोडचा कळफलकाच्या रचनेशी संबंध नाही. विंडोजसाठीच्या इंडिक इनपुट या भारतीय भाषा टाइप करण्याच्या साधनांत रेमिंग्टन ही टाइपरायटरची रचना मिळते, त्यामुळे त्यांची बोटे जिथे वळतात तिथेच वळतील आणि फाइलमध्ये मात्र खरी देवनागरी अक्षरे उमटतील. एखाद-दुसऱ्या कळेचा फरक पडतो, त्यासाठी रचनेचा छापील तक्ता टेबलावर ठेवावा. जुना कृतिदेव मजकूर रूपांतरकातून काढून घेता येतो, परंतु रफार आणि ऱ्हस्व इकार तिथेही चुकतात, तेव्हा आकडे आणि नावे मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.