स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) फुग्यावरून सरकला, कपाटात स्नेअर (निसटलेली वस्तू पकडून काढायचा तारेचा फास) नव्हता. काय काय ठेवावं?

मडगावचो_टेक: नमस्कार. छोट्या कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओप्लास्टी करतात) टेक्निशियन आहे. चवथीच्या आदल्या दिवशी आरसीएची (हृदयाची उजवी धमनी) केस होती, धमनीत कॅल्शियम खच्चून, स्टेंट पुढे जाईना म्हणून सरांनी मागे घेतला तर गाइडच्या (ज्या नळीतून सगळं आत नेतात तिच्या) तोंडाशी अडकून फुग्यावरून अर्धा सरकला. स्नेअर मागितला तर नाही, व्हेंडरला फोन लावला तर तो गणपतीला गावी. वायर (जिच्यावरून स्टेंट नेतात ती बारीक तार) जागेवर होती म्हणून वाचलो, सरांनी तिच्यावरूनच १.५ चा बलून स्टेंटच्या पलीकडे नेऊन फुगवला नि गाइडसकट सगळं ओढून काढलं. आता मॅनेजमेंट म्हणतंय यादी द्या, पण एक्सपायर होऊन वाया जाईल असं नको.

जुनी_स्क्रबताई: वायर सोडली नाहीत हेच मोठं काम झालं बघ. स्नेअर ४ मिमीचा एक आणि तीन फासांचा एक एवढं पुरे. तोही नसला तर ३०० सेमीची वायर दुमडून डायग्नोस्टिक कॅथेटरमधून फास काढायचा, आम्ही केलाय, वेळ लागतो पण जमतं.

दोनापावला_डॉक: स्नेअरच्या आधी कव्हर्ड स्टेंट (फाटलेली जागा बुजवणारा, आवरण असलेला) आणि पेरिकार्डियल टॅपिंगचा (हृदयाभोवती साठलेलं रक्त सुईने काढायचा) सेट ठेवा, धमनी फाटली तर व्हेंडरची वाट बघायला वेळ नसतो. कव्हर्ड स्टेंट तुमच्या ६ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) गाइडमधून जातो का ते आजच पाकिटावर वाचा, ऐनवेळी नको. आणि स्टेंट परत घेताना गाइड सरळ रेषेत नसेल तर आत ओढायचाच नाही, सगळं एकत्र मागे घ्या. काढता येतच नसेल तर दुसऱ्या स्टेंटने भिंतीला दाबून टाकतात, पण तो शेवटचा उपाय.

जुनी_स्क्रबताई: फुगा रिकामा होत नाही त्याचंही लिहा की डॉक्टर, माझ्यासमोर दोनदा झालंय. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं औषध) सलाइनमध्ये निम्मा-निम्मा न करता घट्ट भरतात मग रडतात, नाहीतर शाफ्ट (फुग्याची लांब नळी) कुठेतरी मुडपलेला असतो.

मडगावचो_टेक: प्रोटामिन (रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचा उतारा) फ्रिजमध्ये आहे, धमनी फाटली की लगेच द्यायचं का?

दोनापावला_डॉक: आधी फुगा फुगवून रक्त थांबवा. वायर-बलून धमनीत असताना हेपरिन उलटवलं तर त्यांच्यावरच गुठळी धरते. कधी द्यायचं ते ऑपरेटर सांगेल, तू भरून हाताशी ठेव.

म्हापशेकर७: पैशांचं म्हणाल तर कन्साइनमेंटवर मागा, वापरला तरच बिल, एक्सपायरीच्या तीन महिने आधी बदलून द्यायचा असं लेखी घ्या. आमचा व्हेंडर आधी कुरकुरला, मग आला वळणावर. चवथीला कोण ड्यूटीवर आहे त्याचा नंबरही त्याच कागदावर.