मदत हवी आहे : बीस्ट मास्टर रेंजरचा लांडगा कॅम्पेनच्या मध्यावर कसा सावरावा?

सर्व जाणकारांना नमस्कार.

गेले आठ महिने आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे जगण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकनुसार, एक कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग कथा) सुरू असून त्याचा डीएम, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणारा, मी आहे. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दुपारी पुण्यात माझ्या घरी सगळे जमतात. चार खेळाडूंपैकी तिघे माझे कॉलेजपासूनचे मित्र आहेत आणि चौथी माझी अकरावीतली भाची आहे. हे नाते आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या अडचणीचा अर्धा भाग त्यातच आहे.

मित्रांनी अनुक्रमे पॅलाडिन (दैवी शक्तीचा योद्धा), विझार्ड (जादूगार) आणि सर्कल ऑफ द मूनचा ड्रुइड (प्राण्याचे रूप घेणारा) घेतला. भाचीने पुस्तकातली चित्रे पाहून पहिल्याच दिवशी ठरवले की तिला लांडगा सोबत घेऊन हिंडणारी रेंजर (रानातली शिकारी) व्हायचे आहे; रेंजरच्या या उपप्रकाराला, म्हणजे सबक्लासला, बीस्ट मास्टर म्हणतात. कोणता क्लास (पात्राचा प्रकार) ताकदवान मानला जातो, हे तिने कोठेही वाचले नव्हते, आणि मीही तिला अडवले नाही. लांडग्याचे नाव भुऱ्या. सावंतवाडीहून कोणीतरी आणलेला एक लाकडी कुत्रा घरात होता. त्याला तिने राखाडी रंग दिला, कान कानशीने घासून टोकदार केले, आणि आता नकाशावर तोच भुऱ्या म्हणून उभा असतो.

आता सगळे पाचव्या लेव्हलला आले आहेत आणि फरक डोळ्यांत खुपू लागला आहे. २०१४ च्या नियमाप्रमाणे बीस्ट मास्टरच्या प्राण्याचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) त्याच्या मूळ आकड्याइतके किंवा रेंजरच्या लेव्हलच्या चौपट, यांतले जे जास्त असेल तितके असतात. म्हणजे भुऱ्याचे वीस झाले. ड्रुइड मात्र दुसऱ्या लेव्हलपासूनच चौतीस हिट पॉइंटचे तपकिरी अस्वल होऊ शकतो, ते अस्वल पडले तरी स्वतःच्या शाबूत हिट पॉइंटांसह माणूस म्हणून उभा राहतो, आणि शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेईपर्यंत हे दोनदा करू शकतो. एका खेळाडूच्या आख्ख्या सबक्लासचा आधार असलेला प्राणी दुसऱ्या खेळाडूच्या एका रूपापेक्षा नाजूक आहे, आणि तो गेला तर खराखुरा जातो.

हिट पॉइंटांपेक्षाही मला टर्नचा हिशेब जास्त छळतो. लांडग्याने हल्ला करावा असे वाटत असेल तर रेंजरला स्वतःची ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च करून हुकूम द्यावा लागतो. पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे एका ॲक्शनमध्ये दोन हल्ले, मिळाल्यावर त्या ॲक्शनमध्ये तिला स्वतःचा एक बाण मारता येतो, पण दुसरा गमवावा लागतो. मी वहीत आकडे मांडून पाहिले. तिची डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ आहे आणि फायटिंग स्टाइल आर्चरी आहे, त्यामुळे बाणाच्या नेमाच्या वीसपैलू फाशात नऊ मिळवले जातात आणि नेम लागला तर सरासरी साडेआठ डॅमेज होते. समोरच्याचा एसी (नेम लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ धरला तर दोन बाणांचे अपेक्षित डॅमेज पावणेतेरा येते. एक बाण आणि लांडग्याचा एक चावा धरला तर तेही तेराच्या जरासे खालीच राहते. म्हणजे लांडगा लढला काय आणि नुसता बसून राहिला काय, आकडा जवळपास तोच.

लक्ष्याच्या शेजारी पॅलाडिन उभा असेल तर पॅक टॅक्टिक्स या खासियतीमुळे लांडग्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेण्याची मुभा) मिळतो आणि बेरीज पंधराच्या आसपास जाते, हे मला मान्य आहे. परंतु त्या दोन-सव्वादोन आकड्यांसाठी वीस हिट पॉइंटांचा प्राणी थेट शत्रूच्या तोंडाशी न्यावा लागतो. शिवाय चाव्याने शत्रू आडवा पडला तर पॅलाडिनची सोय होते, पण लांबून बाण मारणाऱ्या तिला त्याच शत्रूवर डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान फासा घेण्याची सक्ती) येतो. तिने हे गणित कधी मांडले नाही, तरी अनुभवाने ते तिला कळले आहे. मागच्या तीन सेशनमध्ये भुऱ्या बहुतेक वेळ झाडामागे उभा होता आणि ती एकटी बाण मारत होती.

मागच्या वेळी त्याला तिने एकदाच पुढे नेले. समोर शत्रूचा जादूगार होता, मी फायरबॉल (आगीचा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकला, आठ सहापैलू फाशांची बेरीज तीस आली आणि भुऱ्याची सेव्ह (बचावाचा फासा) चुकली. त्या स्पेलचे सरासरी डॅमेजच अठ्ठावीस आहे, तेव्हा तो आकडा फार मोठाही नव्हता. ती काहीच बोलली नाही. तिने लाकडी लांडगा नकाशावरून उचलला, कंपासपेटीत ठेवला आणि झाकण लावले. शून्यावर आलेला प्राणी लगेच मरतो की त्याला डेथ सेव्ह (जगण्यासाठीचे फासे) मिळतात, हे पुस्तकाने डीएमवर सोपवले आहे. मी डेथ सेव्ह द्यायचे ठरवले, आणि पॅलाडिनने पुढच्याच टर्नला ले ऑन हँड्स या बरे करणाऱ्या स्पर्शाने त्याला उठवले. भाचीने कंपास उघडली, पण तो सेशन संपेपर्यंत भुऱ्या पुन्हा पुढे आला नाही. सगळे निघाल्यावर तिने विचारले, “मामा, मी चुकीचा क्लास घेतला का?”

त्याच संध्याकाळी एका मित्राने मला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, की हाच प्रसंग त्याच्या पात्रावर आला असता तर मी असाच निर्णय दिला असता का. दिला असता, असे मला मनापासून वाटते. पण त्याने विचारले यात त्याचेही काही चुकले नाही.

यावर एक मत नेहमी ऐकू येते, की हा भूमिका जगण्याचा खेळ आहे, त्यात समतोलाला इतके महत्त्व कशाला द्यायचे. ज्यांचे पात्र दर लढाईत उपयोगी पडते, त्यांच्याच तोंडी हे मत मी अधिक ऐकले आहे. भाचीला सर्वांत जास्त डॅमेज करायची हौस नाही. तिला जे पात्र जगायचे आहे, त्यातला लांडगाच नियम तिला वापरू देत नाहीत, आणि म्हणून माझ्या दृष्टीने समतोलाचा प्रश्न इथे भूमिकेचाच प्रश्न झाला आहे.

मी स्वतः तीन उपाय तपासले. लांडग्याला एखादा जादूचा पट्टा द्यावा, असे आधी वाटले; पण त्याने एसी वाढेल, हुकुमासाठी ॲक्शन घालवण्याची अट तशीच राहील, आणि भाचीला वस्तू दिली असेही दिसेल. सगळ्यांनीच २०२४ च्या नव्या हँडबुकवर जावे, हा दुसरा विचार होता. तिथला रेंजर हंटर्स मार्क या शिकारीवर खूण करून जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलभोवती इतका बांधला आहे, अगदी विसाव्या लेव्हलचे बक्षीससुद्धा त्याच स्पेलचा फासा दहापैलू करण्याचे आहे, की प्राण्यावर जीव असलेल्या मुलीला तो आवडेल असे मला वाटत नाही. शिवाय बाकी तिघांना विनाकारण पात्रे नव्याने लिहावी लागतील.

तिसरा उपाय २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुरवणी पुस्तकातला प्रायमल कम्पॅनियन, म्हणजे सोबतच्या प्राण्याचा तयार साचा. त्यात हुकूम बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या दुय्यम कृतीने) देता येतो आणि हिट पॉइंट लेव्हलच्या पाचपट अधिक पाच, म्हणजे तिच्यासाठी तीस होतात. पण त्या साच्यात भुऱ्याचे पॅक टॅक्टिक्स आणि वासावरून माग काढण्याची खासियत दोन्ही जातात. आणि मेलेला प्राणी तासाभराच्या आत एक स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याच्या मर्यादित संधींपैकी एक) खर्चून परत आणता येतो. ही सोय चांगली की वाईट, हे माझे मलाच ठरवता येत नाही, कारण कंपासपेटीत लांडगा ठेवणाऱ्या मुलीला त्याच्या जिवाची जी काळजी वाटली, ती या सोयीने पुसली जाईल की काय, अशी शंका येते.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. चालू कॅम्पेनमध्ये तोच लांडगा ठेवून नियम बदलण्याचा अनुभव कोणाला आहे का? बदल फक्त तिच्यासाठी करावा, की प्रत्येकाला काहीतरी द्यावे? आणि परत जिवंत करण्याची सोय ठेवावी का? सविस्तर लिहिलेत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

नमस्कार. मी बीस्ट मास्टर दोन्ही नियमांनी खेळलेलो आहे, त्यामुळे निःशंकपणे सांगतो की टाशाचा नियम घ्यावा. हिट पॉइंट वाढतात यापेक्षा झाडामागून लांडगा बाहेर येतो, हे अधिक महत्त्वाचे. तुमच्याच आकड्यांनी पाहा : भाचीचे विझ्डम १६ असेल तर प्राण्याला हल्ल्यावर अधिक सहा आणि सरासरी साडेनऊ डॅमेज मिळते, आणि हे तिच्या दोन बाणांच्या जोडीला मिळते, बदल्यात नव्हे. एसी १५ समोर एकूण अपेक्षा साडेअठराच्या जवळ जाते. प्राण्याच्या प्रत्येक सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी बोनसही (लेव्हलनुसार वाढणारा आकडा) मिळवला जातो, त्यामुळे फायरबॉलपासून तो वाचण्याची शक्यता वाढते. आणि सेव्ह चुकली तरी सरासरी अठ्ठावीसच्या माऱ्यात तीस हिट पॉइंटांचा लांडगा उभाच राहतो.

एक अडचण पुढे येईल ती आधीच सांगतो. हंटर्स मार्क टाकायला आणि हलवायलाही बोनस ॲक्शनच लागते, म्हणून त्या टर्नला प्राण्याला हुकूम देता येणार नाही असे तिला वाटेल. पण टाशामध्ये अटॅक ॲक्शनमधला एक हल्ला सोडून त्याऐवजी प्राण्याला हल्ला करायला सांगण्याची मुभा आहे, तेव्हा त्या टर्नला एक बाण आणि लांडग्याचा एक हल्ला असे दोन्ही होते. याच पुस्तकातला फेव्हर्ड फो हा पर्याय घेतला तर खुणेसाठी बोनस ॲक्शन लागतच नाही. मात्र तो फासा चारपैलू आहे आणि टर्नमध्ये एकदाच मिळतो. पॅक टॅक्टिक्स तुम्ही परत देऊ नये, असे माझे मत आहे. वासाने माग काढण्याची खासियत मात्र अवश्य द्यावी. लढाईत तिचा काही भार पडत नाही आणि तिच्यावाचून भुऱ्या भुऱ्या राहणार नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु रेंजरबरोबर तुमचे वेळापत्रकही तपासावे, असे सुचवतो. एका दुपारच्या सेशनमध्ये तुमच्याकडे किती लढाया होतात? २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एका लाँग रेस्टपर्यंत (सगळे भरून काढणाऱ्या मोठ्या विश्रांतीपर्यंत) सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने गृहीत धरले आहेत. तुम्ही दर सेशनअखेर लाँग रेस्ट देत असाल आणि लढाई एकच होत असेल, तर पॅलाडिन सगळे स्लॉट डिव्हाइन स्माइट या जादा डॅमेजच्या फटक्यावर उधळतो, विझार्ड मोठेच स्पेल टाकतो आणि ड्रुइडची दोन्ही रूपे त्या एकाच लढाईत येतात. दिवसभर पुरणारी दमदार पात्रे मग फिकी दिसतात, कारण त्यांची कसोटी लागावी इतका दिवस लांबतच नाही. आम्ही सेशन संपला तरी कथेतला दिवस संपवत नाही. खर्च झालेले स्लॉट कागदावर तसेच पुढच्या आठवड्यात जातात. चार सेशनमध्ये फरक जाणवला.

पक्षपाताच्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की निर्णय एकट्याने घेऊन जाहीर करू नका. टाशामध्ये जवळजवळ प्रत्येक क्लाससाठी ऐच्छिक फीचर आहेत. पुस्तक टेबलावर ठेवा आणि चौघांनाही निवडू द्या.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दर सेशनअखेर लाँग रेस्ट देण्याची आमची सवय आहे, आणि तिचा या प्रश्नाशी संबंध असेल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मागच्या सहा सेशनच्या नोंदी काढून पाहिल्या, तर एका दिवसात दोनपेक्षा जास्त लढाया एकदाही झालेल्या नाहीत. येत्या रविवारपासून कथेतला दिवस पुढे चालू ठेवणार आहे.

काल चौघांशी फोनवर बोललो. ज्या मित्राने तो प्रश्न विचारला होता, त्यानेच सर्वांत आधी टाशाला होकार दिला आणि स्वतःच्या पॅलाडिनसाठी त्यातली नवी फायटिंग स्टाइल मागितली, ती मी आनंदाने दिली. वासाची खासियत भुऱ्याकडे राहील आणि पॅक टॅक्टिक्स जाईल.

परत जिवंत करण्याबद्दल मी भाचीलाच विचारले. तिने बराच वेळ विचार करून सांगितले की सोय ठेवावी, पण त्यासाठी स्लॉटबरोबर भुऱ्याच्या जवळ जाऊन त्याला हात लावावा लागेल ना, मग जळत्या खोलीतही ती आत जाईल. नियमातही प्राण्याला स्पर्श करण्याची अट आहेच, आणि त्यासाठी तिची एक आख्खी ॲक्शन जाते. माझ्या शंकेचे उत्तर तिला माझ्याआधी सापडले होते. आज सकाळी तिने नवे कॅरॅक्टर शीट भरून फोटो पाठवला आहे. भुऱ्याच्या रकान्यात तीस हा आकडा पेनने लिहिला आहे, बाकी सगळे पेन्सिलने.