वापरलेली लेझर (आयएलसीए ७, एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट) घेताना नेमकं काय तपासावं?

ओहोटी: मुंबईत एक जुनी लेझर बघायला जातोय. हल (बोटीचं धड) चकाचक पॉलिश केलंय, शीड नवं आहे. वजन ७८ किलो. सुट्टीत फिरायला आणि जमल्यास क्लबच्या शर्यतींना. मुलाला सोबत नेता येईल का?

शीडवाला: पॉलिश विसरा, आधी मास्ट-स्टेप बघा, म्हणजे मास्ट (डोलकाठी) जिच्यात बसतो ती डेकमधली नळी. मास्ट काढून डेकवरच्या भोकात काठोकाठ पाणी भरा, अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर नळीचा तळ गेलाय. आत पडलेली वाळू मास्टबरोबर फिरून तळ खरवडते. नुसती गळती असेल तर वाळवून इपॉक्सी आणि तळाला चकती, भागतं. पण मास्ट उभा करून हलवल्यावर डेकही हलत असेल तर घेऊ नका. जोड सुटला की भर वाऱ्यात मास्ट डेक फाडून निघतो.

मग वजन. कोरडं हल साधारण ५९ किलो. सामान तोलायचे दोन हुकाचे काटे घ्या, एक नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) कडीला, एक मागे सुकाणूच्या बिजागरीला. दोघांनी एकदम उचला आणि बेरीज करा. ६५ भरलं तर आतला फोम पाणी प्यायलाय, मागचं पाणी सोडायचं बूच काढून ते निघत नाही.

नाळेकडून: मास्टचा वरचा भाग जमिनीवर लोळवा, वाक लगेच कळतो. मास्टचे दोन भाग जुळतात तिथल्या कॉलरच्या रिव्हेटभोवती पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियम गंजतंय, तुटतो तो तिथेच. कॉकपिटच्या (पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या) कडेचं डेक तळहाताने दाबा, करकरलं तर आतला थर सुटलाय.

तुमच्या वजनाला ७.०६ चौ.मी. शीड बरोबर. ते वर्गमान्य (लेझर वर्गाच्या शर्यतींच्या नियमांत बसणारं) आहे का विचारा, नक्कल फक्त सरावाला. बोट एकट्याची आहे आणि बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोक्याशी येतो. मुलाला हलक्या वाऱ्यातच न्या. दोघांनी नेहमी जायचं तर एंटरप्राइज ही दोघांची बोट बघा.

ओहोटी: हवा भरून गळती तपासू का?

शीडवाला: तपासा, पण टायरचा पंप लावू नका, डेकचा जोड उकलेल. कॉकपिटच्या पुढच्या भिंतीतलं हवेचं छिद्र टेपने बंद करा, बुचाच्या भोकातून नळीने तोंडाने फुंका, जोडावर साबणाचं पाणी लावा. आणि ट्रॉली बघाच. बोट कडांवर पेललेली हवी. फळ्यांवर टेकवून ठेवलेल्या हलला खळगे पडतात.