'लास्ट माइल डिलिव्हरी'ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचं मराठीकरण करते आहे. 'सस्टेनेबल लास्ट माइल डिलिव्हरी'साठी मसुद्यात 'शाश्वत अंतिम मैल वितरण' असं आलंय. वाचताना जीभ अडखळते आणि अर्थही लागत नाही. दुसरं काही सुचतंय का?

—

यात मैल मोजायचा नाहीच. टेलिफोनच्या धंद्यात एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या शेवटच्या तारेला 'लास्ट माइल' म्हणतात. मालवाहतुकीत तो गोदाम ते दार या टप्प्याला लागला. सरळ 'शेवटचा टप्पा' म्हणा.

आणि 'वितरण'ऐवजी 'बटवडा' घ्या, ही आग्रहाची विनंती. टपालाचा बटवडा आपण म्हणतोच. आलेला गठ्ठा फोडून ज्याचं त्याला देणं हे त्या शब्दातच आहे, आणि खर्चाचा मोठा भागही तिथेच जातो. ट्रकमधून ढीगभर पार्सलं एका दमात शहरापर्यंत येतात. पुढे मात्र एकेका खोक्यासाठी गाडी थांबवायची, जिना चढायचा, बेल वाजवायची. दाराला कुलूप असलं की खोका परत गाडीत, उद्या पुन्हा तोच जिना. याला आपल्याकडे 'हेलपाटा' हा नेमका शब्द असताना 'अयशस्वी वितरण' कशाला?

'शाश्वत'चं जरा अवघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ साली काढलेल्या ब्रुंटलँड अहवालातल्या कल्पनेला 'शाश्वत विकास' शोभतो, कारण तिथे पुढच्या पिढ्यांचा विचार आहे. 'शाश्वत बटवडा' म्हटलं की कधीच न संपणारा बटवडा वाटतो. लेखात जे असेल तेच लिहा: विजेवरची गाडी असेल तर 'बिनधुराचा', पार्सलं एकत्र नेत असतील तर 'कमी फेऱ्यांचा'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विजेची गाडीही रस्ता अडवतेच, आणि हेलपाटा काही वाचवत नाही.

—

'घरपोच' का नको? सगळ्यांना कळतो.

—

दारापर्यंत येतं तिथे तोच लिहावा. पण फेऱ्या कमी करायचा एक चांगला उपाय नेमका घरपोच नसतो. जर्मनीत २००१ पासून 'पॅकस्टेशन' नावाची कुलपाची कपाटं आहेत. पार्सल त्यात ठेवतात, आपण जाता-येता काढून घ्यायचं. (त्यासाठी मुद्दाम गाडी काढली तर सगळंच मुसळ केरात.) हे घरपोच नव्हे, बटवडा मात्र आहे.

—

'हेलपाटा' घेतला! 'कार्गो बाइक'ला 'मालसायकल' चालेल?

—

चालेल की. 'मालट्रक' आहेच, त्याच्या शेजारी सहज बसेल.