मदत हवी आहे: दुसऱ्या बाळंतपणानंतरचं पोट, ऑपरेशन करून घ्यावं की थांबावं?

वडगावकरीण:

मी एक खोटं बोलले आणि तिथून हे सगळं डोक्यात सुरू झालं, म्हणून आधी तेच सांगते.

आषाढात मंगाईच्या यात्रेला देवळाच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. कडेवर धाकटी होती. काकूंनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय गे, परत? कितवा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पाचवा." "नाही हो काकू, हे असंच आहे" म्हणायची जास्त लाज वाटली असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवली. आता त्या हिशोबाने मला कार्तिकात बाळंत व्हायला पाहिजे.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा.

वय ३४. थोरला सहा वर्षांचा, नॉर्मल. धाकटी चौदा महिन्यांची, सीझर, जन्मताना ३ किलो ७०० ग्रॅम. माझं वजन लग्नात ५६ होतं, आता ६२. म्हणजे लठ्ठ म्हणावं असं काही नाही, हातपाय चेहरा सगळं होतं तसंच. फक्त पोट. सकाळी बरं असतं, पण संध्याकाळी सोसायटीतून घरी येईपर्यंत (पतसंस्थेत कॅशला बसते) ते खरंच पाचव्या महिन्याचं झालेलं असतं. काकूंना तरी कसा दोष देऊ? सीझरच्या टाक्यांवर कातडीची वळी लोंबते, तिच्याखाली घाम साचून उन्हाळाभर खाज सुटली होती. आडवी असताना मान उचलली की बेंबीच्या वर मधोमध उपड्या होडीसारखा उंचवटा येतो. मान टेकवली की तिथेच खळगा. थोरल्याला हा खेळच झालाय, बोट दाबतो आणि म्हणतो, "मम्मी, आत भोक आहे."

बाळंतपण माहेरी, खानापूर तालुक्यात झालं. शेक, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, काही कमी केलं नाही आईने. जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला बांधत होती, पण टाके दुखायचे म्हणून मी पंधरा दिवसांत सोडून दिला. आईच्या मते हे पोट म्हणजे त्या सोडलेल्या पट्ट्याची शिक्षा. सासूबाई म्हणतात, "साडीत झाकतंय की." नवरा म्हणतो, "तुला पाहिजे तर कर, मला काही फरक पडत नाही." ऐकायला छान वाटतं, पण घोंगडं माझ्याच गळ्यात राहतं.

मागच्या महिन्यात बेळगावातच एका ठिकाणी दाखवायला गेले होते. डॉक्टर भेटले दहा मिनिटं, त्यात आडवं झोपवून तपासलंसुद्धा नाही. बाकी पाऊण तास एक काउन्सेलर मुलगी बोलत होती. पोटासोबत छातीचंही करून घ्या, पॅकेज आहे, गणपतीच्या आधी नाव दिलं तर सवलत, चार दिवसांत कामावर. संमतीचा फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये. मला कन्नड बोलायला येतं, पण दोन पानांचं वैद्यकीय कन्नड वाचून सही करायची म्हणजे कठीण. "घरी नेऊन वाचते" म्हटलं तर ती म्हणाली, "मॅडम, फॉर्मॅलिटी आहे." तिथून उठले ते पुन्हा गेले नाही.

आता प्रश्न. हे व्यायामाने जाण्यासारखं आहे का? ऑपरेशन केलंच तर आता की अजून थांबून? धाकटी अजून रात्री अंगावर पिते. भिशीचे सव्वा लाख हातात आलेत, ते खरं तर गच्चीवरच्या पत्र्यासाठी होते. आणि शेवटचं, याला कुणाकडे उत्तर असेल असं वाटत नाही: हे मला माझ्यासाठी पाहिजे की काकूंसाठी?

कृपया "आईपण सुंदर असतं" वगैरे लिहू नका. मला माहीत आहे.

काकतीवेस:

ताई, रोज सकाळी पाच किलोमीटर चाला, रात्रीचा भात बंद करा. बायकांनी व्यायाम सोडला म्हणून डॉक्टरांची दुकानं चालतात.

वडगावकरीण:

@काकतीवेस, दादा, धाकटीला कडेवर घेऊन वडगाव ते शहापूर भाजीला चालतच जाते. आणि भात बंद केला तर आमच्या घरात रात्री जेवण कशाला म्हणायचं?

निपाणीकरीण:

मी केलंय. तीन वर्षं झाली, कोल्हापूरला. दोन सीझर होती, पोट तुझ्यासारखंच. जे कुणी मला सांगितलं नाही ते सांगते.

वण बराच लांब असतो. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. खाली असतो, साडीत दिसत नाही, पण असतो. खालची सैल कातडी कापून काढतात, वरची खाली ओढतात आणि बेंबीसाठी त्या कातडीत नवीन भोक पाडतात. मधल्या स्नायूंना आतून टाके घालून जवळ आणतात. खरं दुखणं त्याचं. पहिला आठवडा मी कमरेत वाकून चालत होते, सरळ झालं की टाके ओढायचे. झोपायचं पाठीवर, गुडघ्यांखाली उशा. दोन्ही बाजूंना नळ्या, त्यात लालसर पाणी साचतं, ते मापून वहीत लिहायचं. नवऱ्याने लिहिलं, मला बघवत नव्हतं. सहा आठवडे घट्ट पट्टा, तोही मे महिन्यात! तू जानेवारी बघ.

चार दिवसांत कामावर? माझी नोकरी खुर्चीची, तरी मी तीन आठवड्यांनी गेले.

सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. सहा आठवडे काही उचलायचं नाही. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. ती हात वर करून उभी राहायची आणि मी खाली बसून तिला जवळ घ्यायची, उचलायची नाही. चार दिवसांनी तिने हात वर करणंच सोडलं, सरळ आजीकडे जायला लागली. तुझी चौदा महिन्यांची आहे. घरात तिला उचलणारं कोण आहे, ते आधी ठरव.

बेंबीच्या खाली हाताच्या पंज्याएवढी जागा मला अजून बधिर आहे. पश्चात्ताप नाही. फोटोत मी पूर्वी थोरलीला पुढे उभी करून पोट लपवायची, ते आता करत नाही.

मलप्रभा:

फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतपणानंतरच्या बायकाच जास्त येतात. उपडी होडी हे वर्णन अगदी बरोबर. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटाचे दोन उभे स्नायू मध्ये एका पट्टीने जोडलेले असतात, गरोदरपणात ती पट्टी ताणून रुंद होते. पहिल्या दोन महिन्यांत बरीचशी आपोआप भरून येते, नंतर वेग मंदावतो. घरी बघायचं तर पाठीवर झोप, गुडघे वाकव, डोकं थोडं उचल आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून बघ किती आत जातात. दोनापेक्षा जास्त गेली तर कुणाकडून तरी नीट मोजून घे. नुसत्या रुंदीपेक्षा त्या फटीचा तळ टणक लागतो की लोण्यासारखा, हे मी जास्त बघते.

पट्टा सोडला म्हणून हे झालेलं नाही, आईला तेवढं सांग. पट्ट्याने आधार मिळतो, दोन स्नायू एकमेकांना चिकटत नाहीत.

व्यायामाने काय होईल: आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे, लघवी रोखणारे स्नायू कामाला लागतील, पाठ कमी दुखेल, संध्याकाळचा फुगवटा कमी होईल. चौदाव्या महिन्यातही फरक पडतो. काय होणार नाही: लोंबणारी कातडी आत जाणार नाही. कातडीला व्यायाम नाही. निदान तीन-चार महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली कर, आणि पाठीवर झोपून खांदे उचलतात तसे पोटाचे क्रंच सध्या अजिबात नकोत, उंचवटा येईल ती प्रत्येक हालचाल टाळायची. उठताना आधी कुशीवर वळून मग उठायचं. खोकताना, शिंकताना लघवी निसटते का? हे विचारते कारण बायका पोटाचं सांगतात आणि हे सांगत नाहीत.

वडगावकरीण:

@मलप्रभा, आत्ता चटईवर झोपून बघितलं. साडेतीन बोटं. आणि तळ लोण्यासारखाच. शिंकेचं... हो. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

@निपाणीकरीण, उचलण्याचं वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि धाकटीला उचलून घेतली. झोपलेली होती, रडायला लागली.

घटप्रभा:

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. तिथून उठून आलीस ते उत्तम केलंस. जिथे तारखेवर सवलत असते तिथे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

आधी एक तपासणी कर. बेंबी बाहेर आलीय का, खोकताना तिथे गोळी हाताला लागते का? या फटीसोबत कधी कधी बेंबीचा हर्निया असतो. तो जनरल सर्जनला दाखवायचा, पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करायची. हर्निया निघाला तर त्याचं ऑपरेशन हा उपचार झाला, विम्यात सहसा बसतो, पॉलिसीची प्रतीक्षा मुदत तेवढी बघ. दिसण्यासाठी केलेलं टमी टक, म्हणजे निपाणीकरणीने केलं ते ऑपरेशन, विम्यात बसत नाही, वर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुला सांगितलेल्या आकड्यात तो धरलाय का, विचारून घे. आणि हर्निया असेल आणि गोळी कधी टणक होऊन दुखायला लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

वेळेचं म्हणशील तर अंगावर पाजणं बंद होऊन तीन ते सहा महिने आणि वजन सहा महिने एका जागी स्थिर, त्याआधी शहाणा सर्जन हात लावत नाही. तिसरं मूल नको हेही नक्की पाहिजे. पुन्हा गरोदर राहिलीस तर जीवाला धोका असं नाही, पण आतले टाके ताणले जाऊन केलेलं बरंचसं वाया जातं.

सर्जनच्या नावापुढे एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहे का बघ. नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' म्हणजे सर्जन नव्हे. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना २००७ च्या कायद्याखाली केपीएमई नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. सरळ विचार: भूल कोण देणार, ते ऑपरेशनभर थांबणार का, रात्री काही झालं तर आयसीयू याच इमारतीत आहे की गाडीत घालून न्यायचं? २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूत चरबी काढायच्या ऑपरेशननंतर एक २१ वर्षांची कन्नड मालिकांमधली मुलगी गेली, तेव्हा अपुऱ्या सोयींचा मुद्दा सगळ्यांच्या तोंडी होता. घाबरवायला सांगत नाही. पण चार दिवसांत कामावर म्हणणाऱ्याला हे प्रश्न आवडत नाहीत, आणि तोच त्यांचा उपयोग.

कातडीखाली पाणी साचणं, जखम चिघळणं, वणाची कड काळी पडणं हे होऊ शकतं, बहुतेक वेळा निस्तरतं. भीती असते पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची. म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालवतात. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर आधी सांग, त्यांनी हा धोका वाढतो. घरी गेल्यावर एक पोटरी सुजली किंवा धाप लागली तर ती थकव्याची म्हणून सोडायची नाही.

फॉर्मचं: तुला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे. मराठी फॉर्म नसेल तर मराठी येणारी सिस्टर बेळगावात न मिळायला काय झालं? ओळ न ओळ वाचून घे, मग सही.

शेवटच्या प्रश्नाचं मला काही सांगता येणार नाही. एवढंच, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नवरा हवा म्हणून आलेल्या मी बघितल्या आहेत आणि स्वतःला हवं म्हणून आलेल्याही. या दुसऱ्या प्रकारच्या बायका कमी रडतात.

वडगावकरीण (दहा दिवसांनी):

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, धाकटीला ताप होता.

आत्तापुरतं ठरवलंय. या वर्षी ऑपरेशन नाही. दिवाळीनंतर पाजणं सोडवणार. फिजिओकडे आठवड्यातून दोनदा जाते, पहिल्या दिवशी नुसता श्वास घ्यायला शिकवलं आणि त्याचे पैसे घेतले म्हणून नवरा हसत होता. शिंकेचा त्रास थोडा कमी आहे, नवऱ्याला तेही सांगितलं. सव्वा लाखाची सहा महिन्यांची ठेव ठेवली, आमच्याच सोसायटीत. गच्ची की पोट ते उन्हाळ्यात बघू. आईला पट्ट्याचं सांगितलं, तिला पटलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला अजूनही ऑपरेशन हवं आहे. निपाणीकरणीच्या नळ्या वाचूनही. संध्याकाळी आरशासमोर पोट हाताने वर धरून बघते, मग सोडते. काकू नसत्या तरी हे केलंच असतं, एवढं मात्र कळलं.

काकूंकडे परवा गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग माझी बरणी?" म्हटलं, लोणचं संपलं. "संपलं? पोटुशी नसताना?" आणि आतून दुसरी बरणी काढून दिली, अर्धी.

@घटप्रभा, बेंबीपाशी खोकताना बारीक गोळी लागते, सुपारीएवढी, दाबली की आत जाते. दुखत नाही. शनिवारी सर्जनकडे नंबर लावलाय, सोनोग्राफीही त्याच दिवशी. त्याला उपाशी जावं लागतं का?