संपादक एकाचा, तिजोरी दुसऱ्याची: जर्मनीतील स्थानिक रेडिओ

धागाकर्ता:
१९८४ साली लुडविग्सहाफेनच्या केबल-प्रयोगातून जर्मनीत खासगी प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये खासगी केंद्रे एफएमवर ऐकू येऊ लागली. तरीही सर्वांत विचारपूर्वक आखलेली व्यवस्था मला नॉर्थ-राइन वेस्टफालिया या राज्याची वाटते. तिथल्या १९८७ च्या कायद्याने स्थानिक केंद्राचे दोन भाग केले. कार्यक्रमांची जबाबदारी चर्च, कामगार संघटना, मालक संघटना, पालिका अशांच्या प्रतिनिधींच्या संस्थेकडे आली, तर यंत्रसामग्री, जाहिराती आणि जमाखर्च वेगळ्या कंपनीकडे गेला. या कंपनीत वृत्तपत्रांना ७५ टक्क्यांपर्यंत आणि पालिकांना २५ टक्क्यांपर्यंत वाटा घेता येई. पैसे घालणाऱ्याने बातमीत हात घालू नये म्हणून बांधलेली ही भिंत मला आजही पटते.

पहिला प्रतिसाद:
भिंत होती खरी, पण तिला दारही ठेवले होते. मुख्य संपादक नेमायचा तर कंपनीची संमती लागे. गावात एकच वृत्तपत्र असेल तर छापील बातमी आणि रेडिओची तिजोरी दोन्ही त्याच घरात जात. प्रतिनिधी मंडळी बिनपगारी, कंपनीचा व्यवस्थापक पगारी. बैठकीत कोणाचा आकडा टिकत असेल, हे सांगायला नको.

धागाकर्ता:
तिजोरीबद्दलचा आक्षेप मान्य आहे. पण वृत्तपत्रांना बाहेर ठेवले असते, तर आपल्या जाहिराती रेडिओ पळवील या धास्तीने त्यांनी ही केंद्रे उभीच राहू दिली नसती, असे मला वाटते. १ एप्रिल १९९० रोजी रेडिओ डुइसबुर्ग सुरू झाले, त्यामागे ही तडजोड होती.

दुसरा प्रतिसाद:
आपण दोघेही मालकीवर अडला आहात. मला ‘स्थानिक’ या शब्दाचीच शंका येते. तासाच्या ठोक्याला देश-विदेशाच्या बातम्या ओबरहाउझेनच्या रेडिओ एनआरडब्ल्यूकडून, म्हणजे सर्व स्थानिक केंद्रांना सामाईक कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीकडून, येतात आणि गावच्या बातम्या साडेच्या ठोक्याला लागतात. दिवसाचा मोठा भाग त्याच सामाईक कार्यक्रमाने भरला जातो. गावाचे नाव असते ते मुख्यतः ओळखधूनीत.

धागाकर्ता:
तो सामाईक कार्यक्रम नसता, तर लहान जिल्ह्याच्या केंद्राला रात्री यंत्र बंद करूनच घरी जावे लागले असते. शिवाय त्याच कायद्याने नागरिकांच्या गटांना १५ टक्क्यांपर्यंत वेळ दिला होता, तो आपण हिशेबात धरलेला नाही.

पहिला प्रतिसाद:
तो वेळ धरू, पण संध्याकाळी, बहुतेक श्रोते दूरचित्रवाणीसमोर बसल्यावर मिळालेला वेळ म्हणून धरू.