स्किझोफ्रेनिया : नव्या औषधाच्या चाचणीत भावाने भाग घ्यावा का?

मदत हवी आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. भास आणि संशय गोळ्यांनी आटोक्यात आहेत, पण लक्ष टिकत नाही, सांगितलेलं विसरतो, साधा हिशोब करताना गोंधळतो. नोकरी टिकत नाही ती यामुळेच. नेहमीच्या गोळ्यांचा या त्रासावर फारसा उपयोग होत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

इक्लेपर्टिन या, याच त्रासासाठी चाचणीत असलेल्या औषधावर आम्ही फार आशा ठेवली होती. मेंदूत ग्लायसिन हे रसायन वाढवून एनएमडीए रिसेप्टरचं (शिकणं आणि लक्षात ठेवणं यासाठी लागणाऱ्या, मेंदूच्या पेशींवरच्या संदेश-ग्राहकाचं) काम सुधारायचं, ही त्यामागची कल्पना. 2021 मध्ये दुसऱ्या टप्प्याचे निकाल चांगले आले, पण तिसऱ्या टप्प्यात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) ठोस फरक दिसला नाही, हे औषध बनवणाऱ्या कंपनीनेच जानेवारी 2025 मध्ये जाहीर केलं. तेव्हा भाऊ खूप खचला.

आता वेगळ्या एका औषधाच्या चाचणीबद्दल विचारणा झाली आहे. त्याला जायचंय आणि निर्णय त्याचाच असावा असं मला मनापासून वाटतं. पण आई घाबरली आहे.

कोणाच्या घरी असा अनुभव आहे का? सध्याच्या गोळ्या तशाच चालू ठेवतात का? सीटीआरआयवरची (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद आणि संमतीपत्र वाचताना नेमकं काय बघायचं? मध्येच त्रास झाला तर उपचार आणि भरपाई मिळण्याची नियमात तरतूद आहे, पण प्रत्यक्षात कसं होतं? आणि चाचणी संपल्यावर औषध चालू राहतं का?

पुण्यात कॉग्निटिव्ह रेमेडिएशन (लक्ष, स्मरणशक्ती सुधारण्यासाठीचा सराव) मराठीतून कोणी घेत असेल तर तेही कळवा. औषध मिळो न मिळो, ते आम्ही सुरू करणारच आहोत.